खोट्या गर्दीची खरी परीक्षा

मुळशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणाला मुळशीचं धरण आठवेल, कुणाला आंबेमोहोर भाताचा वास, कुणाला पावसाळ्यातला ताम्हिणी घाट. इतिहासाच्या पुस्तकातला धडा लक्षात असेल तर सेनापती बापटांचा १९२१ सालचा मुळशी सत्याग्रहही आठवेल. पण याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आणि माण ही गावं आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? होय, तेच हिंजवडी. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचं, काचेच्या उंच इमारतींचं. तिथे हजारो ताई-दादा दिवसभर संगणकासमोर बसून प्रोग्रॅम लिहितात. कुणी बँकेसाठी, कुणी विमान कंपनीसाठी, कुणी सातासमुद्रापलीकडच्या दुकानासाठी.

या मंडळींच्या कामात एक गमतीचा प्रकार असतो. ते आपल्याच प्रोग्रॅमवर खोट्या माणसांची गर्दी सोडतात! दहा हजार माणसं, पन्नास हजार माणसं, आणि त्यातलं एकही खरं नाही. या प्रकाराला म्हणतात लोड टेस्टिंग, म्हणजे भारचाचणी. आज आपण हीच भानगड नीट समजून घेऊ. तुमच्यापैकी जे दहावीत आहेत त्यांनी जरा जास्तच लक्ष द्या, कारण गोष्ट तुमच्याशी थेट संबंधित आहे. आई-बाबांनीही वाचायला हरकत नाही. त्यांचंही नाव पुढे येणार आहे!

आधी २०२५ सालच्या मे महिन्यात जाऊ. १३ मे रोजी महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला. चौदा लाखांहून अधिक मुलं पास झाली. त्या वर्षीपासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यासाठी एकाच संकेतस्थळावरून, म्हणजे ऑनलाइन व्हायचा होता. त्याआधी ही ऑनलाइन पद्धत मुंबई महानगर परिसर आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. पौडच्या किंवा वेल्ह्याच्या मुलानं आपल्या गावाजवळच्या कॉलेजात जायचं, कागदाचा फॉर्म भरायचा आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडायची, अशी रीत होती. आता सगळे एकाच दारात.

२१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. मुलं आणि पालक सकाळपासून मोबाईल, लॅपटॉप, सायबर कॅफे असं जे मिळेल ते धरून बसले. आणि संकेतस्थळ काही चालेना! पान उघडेना, उघडलं तर पुढे सरकेना. शेवटी वेळापत्रकच बदललं आणि नोंदणी २६ मे रोजी सुरू झाली. पाच दिवस गेले. तुम्ही म्हणाल, पाच दिवसांनी काय बिघडतं? बिघडतं बरं का! ज्या घरात मुलाच्या कॉलेजवर पुढचं सगळं गणित अवलंबून असतं, म्हणजे एसटीचा पास, वसतिगृह, बाबांची सुट्टी, त्या घरात पाच दिवस म्हणजे पाच रात्रींची काळजी.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १६ जुलै २०२१ रोजी, करोनामुळे परीक्षा न होता लागलेल्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही दुपारी एक वाजता निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळं तासन्‌तास बंद पडली. त्याच वर्षी २८ एप्रिलला अठरा वर्षांवरच्या सर्वांसाठी कोविन या संकेतस्थळावर लशीची नोंदणी दुपारी चार वाजता सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला तेही अडखळलं. पण ते लवकर सावरलं, आणि पहिल्या दिवसात सव्वा कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. एकाच देशात, एकाच वर्षात, एक संकेतस्थळ सावरतं आणि एक आडवं पडतं. असं का होतं?

त्यासाठी आपण एसटीच्या पासाच्या खिडकीवर जाऊ. खिडकीत एक काका बसलेत. एका पासाला त्यांना सरासरी एक मिनिट लागतं. म्हणजे तासाला ६० पास. कुणाचं काम अर्ध्या मिनिटात होतं, कुणी फोटोच विसरलेला असतो, त्याला तीन मिनिटं लागतात. मुलं ठरवून मिनिटाला एक अशी येत नाहीत. कधी एकदम चार येतात, कधी पाच मिनिटं कुणीच नाही.

आता सांगा पाहू, तासाला ३० मुलं आली तर प्रत्येकाला सरासरी किती वेळ लागेल? रांगेचं गणित सांगतं, थांबणं आणि पास मिळणं धरून २ मिनिटं. ठीक आहे. तासाला ५४ आली तर? तुम्हाला वाटेल ४ मिनिटं. उत्तर आहे १० मिनिटं! ५७ आली तर २० मिनिटं. आणि ५९ आली तर? तब्बल एक तास! अजून काकांची क्षमता ६० आहे आणि मुलं ५९ च आहेत, तरीसुद्धा. ५७ वरून ५९ वर गेलं, फक्त दोन मुलं वाढली आणि वीस मिनिटांचा तास झाला. ६० च्या पुढे गेलं की मग उत्तरच नाही. रांग वाढतच राहते.

पटत नसेल तर सूत्र सोपं आहे. ६० मधून येणाऱ्या मुलांची संख्या वजा करा आणि जे उरेल त्यानं ६० ला भागा. उत्तर मिनिटांत येईल. ५४ साठी ६ उरले, ६० भागिले ६ म्हणजे १०. घरी बाकीचे आकडे करून बघा.

संगणकाचंही अगदी असंच असतं. ज्या संगणकावर संकेतस्थळ असतं त्याला सर्व्हर म्हणतात, आणि सर्व्हर म्हणजे खिडकीतले काका. फक्त हे काका सेकंदाला शेकडो पास देतात. निम्मी गर्दी असताना सगळं झकास चालतं. पाऊण गर्दीलाही काही वाटत नाही. आणि मग शेवटच्या थोड्याशा गर्दीनं एकदम सगळं अडतं. म्हणूनच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटत राहतं, ‘माझ्याकडे तर छान चालत होतं!’ चालणारच. त्याच्याकडे रांगेत तो एकटाच उभा असतो.

त्यातून आपली माणसं आणखी एक करतात. पान उघडलं नाही की पुन्हा दाबतात. मग पुन्हा. आई तिच्या मोबाईलवर उघडते, बाबा ऑफिसात उघडतात आणि मामाला फोन जातो, ‘तुझ्याकडे नेट चांगलं आहे, तू बघ.’ एका मुलाच्या नावानं चार जण रांगेत उभे! बरं, आपण पुन्हा बटण दाबलं तरी आधीची मागणी बऱ्याचदा सर्व्हरच्या डोक्यावर तशीच असते. तो ते उत्तर तयार करत बसतो, आणि ते घ्यायला कुणी उरलेलंच नसतं. (आई-बाबा, आता कळलं तुमचं नाव का येणार होतं ते?)

गर्दी किती येईल याचा हिशेब आधी मांडता येतो. समजा, एक लाख मुलांना फॉर्म भरायचाय. प्रत्येकाला वीस मिनिटं लागतात आणि दर तीस सेकंदांनी तो एक बटण दाबतो. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. ही मुलं एका तासात सारखी पसरून आली तर सेकंदाला सुमारे २८ नवी मुलं येतील आणि एका वेळी सुमारे ३३ हजार मुलं आत असतील. सर्व्हरकडे सेकंदाला सुमारे ११०० मागण्या जातील. पण तीच लाख मुलं पहिल्या दहा मिनिटांतच आली तर? कुणाचाच फॉर्म पुरा झालेला नसेल, म्हणजे अख्खी लाख मुलं एकाच वेळी आत! सेकंदाला ३३०० हून जास्त मागण्या. मुलं तीच, फॉर्म तोच, भार तिप्पट. ‘अमुक वाजता सुरू होईल’ असं जाहीर केलं की दुसरी गोष्टच घडते. माझ्या मते गर्दीची निम्मी कारणं यंत्रात नसून अशा जाहीर करण्यातच असतात.

आता तुम्ही विचाराल, ही गर्दी आधी करून कशी बघायची? एक लाख मुलांना बोलावून ‘जरा बटण दाबा’ असं तर सांगता येत नाही.

हा प्रश्न संगणकवाल्यांच्या कितीतरी आधी धरणवाल्यांना पडला होता. धरणाच्या सांडव्यावरून महापूर गेला तर काय होईल, हे महापूर आणून कसं बघणार? त्यासाठी आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला एक नामांकित संस्था आहे, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा. १९१६ साली सुरू झालेली. तिथे धरणांची, नद्यांची, बंदरांची लहान प्रतिकृती बांधतात, तिच्यातून मोजून पाणी सोडतात आणि काय होतं ते टिपून घेतात. पूर खोटा, पण धडा खरा. लोड टेस्टिंग म्हणजे हेच. पाण्याच्या जागी माणसं, एवढाच फरक.

ही खोटी माणसं म्हणजे एक दुसरा प्रोग्रॅमच असतो. त्याला शिकवून ठेवतात, ‘हे पान उघड, आसनक्रमांक टाक, दहा सेकंद थांब, मग पुढचं बटण दाब.’ आणि मग सांगतात, ‘अशी एक हजार माणसं हो!’ या माणसांना आभासी वापरकर्ते म्हणतात. मधल्या थांबण्याला फार महत्त्व आहे. खरं माणूस वाचतं, विचार करतं, आईला विचारतं. खोटी माणसं न थांबता बटणं बडवत सुटली तर ती चाचणी माणसांची न होता माकडांची होते.

अशी कामं करणारी बरीच साधनं आहेत आणि कितीतरी फुकट मिळतात. जेमीटर नावाचं एक जुनं साधन १९९८ पासून चालत आलंय. दुसऱ्या एका साधनाचं नाव तर ऐकण्यासारखं आहे, लोकस्ट, म्हणजे टोळ! शेतावर टोळधाड येते तशी संकेतस्थळावर खोट्या वापरकर्त्यांची धाड. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये चाचणी सुरू करायच्या बटणावर चक्क ‘धाड सुरू करा’ अशा अर्थाचे शब्द असायचे. हे साधन पायथन भाषेत चालतं. तुमच्यापैकी काही जण शाळेत पायथन शिकत असतील, त्यांना दहा-बारा ओळींत एक टोळ लिहिता येईल.

पूर्वी ही चाचणी अगदी शेवटी व्हायची. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे. सगळं बांधून झालं की तपासणाऱ्यांकडे जायचं आणि मग ते म्हणायचे, ‘अहो, हे तर कोसळतंय!’ तोवर उद्घाटनाची तारीख छापून झालेली असायची. अमेरिकेत असंच घडलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथल्या सरकारनं आरोग्यविम्यासाठी एक मोठं संकेतस्थळ सुरू केलं. त्याआधी काही दिवस भारचाचणी झाली होती, आणि काहीशे खोट्या वापरकर्त्यांतच ते कोलमडलं होतं. तरीही ते ठरल्या दिवशी सुरू केलं. एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाखांच्या घरात. पहिल्या दिवशी किती जणांचं काम पूर्ण झालं असेल? सहा! सहा हजार नव्हे, फक्त सहा माणसं. पुढे दोन महिने खपून ते दुरुस्त करावं लागलं. म्हणजे बघा, चाचणी केलेली होती. पण इतकी उशिरा, की तिचं ऐकायला वेळच उरला नव्हता.

म्हणून आता चाचणी थेट कारागिराच्या बाकावर आली आहे. प्रोग्रॅमर ज्या प्रोग्रॅममध्ये बसून प्रोग्रॅम लिहितो (वाक्य पुन्हा वाचा, बरोबर आहे!) त्याला डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. सुताराच्या बाकावर करवत, रंधा, पटाशी सगळं हाताशी असतं ना, तसं इथे लिहिणं, चालवून बघणं, चुका शोधणं सगळं एकाच खिडकीत असतं. मायक्रोसॉफ्टनं २००५ साली आपल्या व्हिज्युअल स्टुडिओच्या एका आवृत्तीत भारचाचणीसुद्धा याच बाकावर आणून ठेवली. ब्राउझरमध्ये एकदा फॉर्म भरून दाखवायचा, तो त्याची नोंद करून घ्यायचा, आणि मग तेच हजार वेळा करायचा. भार एकसारखा ठेवायचा की पायरीपायरीनं वाढवायचा, हेही सांगता यायचं. ही सोय २०१९ च्या आवृत्तीपर्यंतच राहिली. पण कल्पना मात्र टिकली. आज चाचणी ही प्रोग्रॅमशेजारी ठेवलेली एक साधी फाईल असते. चार ओळी बदलल्या की तिथल्या तिथे शंभर खोटी माणसं सोडून बघायची. काल अर्ध्या सेकंदात उघडणारं पान आज दोन सेकंद घेतंय का? मग आजच्याच चार ओळींत काहीतरी घोळ आहे. शोध सोपा झाला की नाही?

पण बाकावरच्या चाचणीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. तिथे फसायच्या तीन-चार छान जागा आहेत. पहिली म्हणजे, गर्दी करणारा आणि गर्दी झेलणारा दोन्ही तोच लॅपटॉप असतो. लॅपटॉप दमला तर तो गर्दी करून दमला की झेलून, हे कळणार कसं? म्हणून मोठ्या चाचणीत गर्दी करायला वेगळे संगणक लावतात आणि त्यांना हुकूम द्यायला आणखी एक. दुसरी जागा फार चोरटी आहे. खोट्या हजार माणसांनी एकच आसनक्रमांक टाकला तर सर्व्हर पहिल्यांदा उत्तर शोधतो आणि मग तेच जवळ ठेवून ९९९ वेळा देतो. सगळं कसं विजेसारखं चालतं! खऱ्या दिवशी प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, आणि मग बोंबाबोंब. म्हणून खोटी माणसं खोटी असली तरी एकासारखी एक असता कामा नयेत. आणि हो, फॉर्म भरताना मोबाईलवर ओटीपी येतो ना? चाचणीत तो पाठवायची वाट बंद करावी लागते, नाहीतर पन्नास हजार अनोळखी लोकांच्या खिशात एकदम टिंग टिंग सुरू व्हायचं.

सरासरीचं तर काय सांगावं! समजा शंभर मुलांपैकी ९० जणांचं पान १ सेकंदात उघडलं आणि १० जणांचं ३१ सेकंदांनी. सरासरी काढा. ९० अधिक ३१०, म्हणजे ४००, भागिले १००. चार सेकंद. अहवालात लिहायचं, ‘सरासरी चार सेकंद, उत्तम.’ पण चार सेकंदांत पान उघडलेलं एकही मूल त्या शंभरात नाही! म्हणून जाणकार माणसं विचारतात, ‘शंभरातल्या ९५ व्या मुलाला किती वेळ लागला?’ इथे उत्तर येतं ३१ सेकंद, आणि खरं दुखणं कळतं. बहुधा ते ९५ वं मूल डोंगराआडच्या गावातलं असतं, जिथे मोबाईलची रेंज मिळायला आधी टेकाडावर चढावं लागतं. हिंजवडीच्या झगमगीत इमारतीत केलेल्या चाचणीला तो टेकाड दिसत नाही. मुद्दाम नेट मंद करून बघितलं तरच दिसतो. आणि तो बघायला हवाच, कारण तो त्याच तालुक्यात आहे.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. टोळ फक्त आपल्या शेतात सोडायचे! स्वतः बनवलेल्या संकेतस्थळावर किंवा मालकानं तसं सांगितलं असेल तिथेच. शाळेच्या, बोर्डाच्या, कुणा दुकानाच्या संकेतस्थळावर ‘बघू पडतंय का’ म्हणून गर्दी सोडणं हा खेळ होत नाही. तो हल्ला ठरतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली त्याला शिक्षा आहे.

संगणक नसला तरी हा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. एक नाणं, एक फासा, मूठभर चिंचोके आणि एक वाटी घ्या. वाटी म्हणजे रांग. प्रत्येक डावात आधी नाणं उडवायचं. छापा पडला तर वाटीत एक चिंचोका टाकायचा, म्हणजे एक मूल आलं. मग फासा टाकायचा. ३, ४, ५ किंवा ६ पडले तर एक चिंचोका काढायचा, काकांनी पास दिला. वाटी रिकामी असेल तर काकांना विश्रांती. असे पन्नास डाव खेळा आणि वाटीत सर्वांत जास्त चिंचोके किती साठले होते ते वहीत लिहा. दुसऱ्या फेरीत काकांना थोडं हळू करा, ४, ५ किंवा ६ पडले तरच चिंचोका काढा. आता येणारे आणि जाणारे अगदी बरोबरीचे झाले, नाही का? पुन्हा पन्नास डाव खेळा. शक्य असेल तर भावंडांना वेगवेगळ्या वाट्या देऊन एकाच वेळी खेळा, म्हणजे कुणाच्या वाटीत दोनच चिंचोके राहतात आणि कुणाची वाटी भरते, हे शेजारी शेजारी दिसेल.

तिसऱ्या फेरीत काका पहिल्या फेरीइतकेच झपाट्याचे, पण दहाव्या डावाला वाटीत एकदम पंधरा चिंचोके ओता. अकरा वाजले, नोंदणी सुरू झाली! वाटी पुन्हा रिकामी व्हायला किती डाव लागतात ते मोजा. पन्नास डाव पुरले नाहीत तर पुढे खेळत राहा.